भिणाऱ्याची पाळी

तेरखेडा
१२ सप्टेंबर १९६०

वजीर,

मोठ्या बहिणीनं पत्राच्या माथ्यावर दुवा लिहायची असते. ती लिहिली आहे असं समज आणि पुढं वाच.

दीड वर्षानं तुझं पत्र आलं. पोस्टमननं ते अब्बांच्या हातात दिलं, म्हणून आधी त्यांनीच वाचलं. मुंबईत खोली मिळाली, जाहिरातीची चालती चित्रं काढणाऱ्या शेठकडं नोकरी लागली, काडीपेटीच्या कंपनीचं मोठं काम आलं, सगळं खुलासेवार लिहिलंस. चार पानं भरून. आणि खाली कोपऱ्यात 'अब्बांना सलाम'. तेवढी ओळ अब्बांनी पुन्हा पुन्हा वाचली. मग पत्र माझ्याकडं देत म्हणाले, "खुश है लडका. चित्रांवर पोट भरतोय बघ." त्यांच्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय, म्हणून कागद डाव्या हातात धरतात. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तू उर्दूत लिहिलंस. मी मराठीत लिहिते, कारण अब्बांना मराठी अक्षर लागत नाही आणि मला जे लिहायचंय ते त्यांच्या नजरेस पडायला नको. शाळेतल्या शारदाबाई बायकांचा वर्ग घेतात, तिथं शिकले. निजामाचं राज्य गेल्यावर तुला शाळेत मराठी शिकावी लागली तेव्हा तू पाटी फेकून रडायचास. आता वाचून काढ.

तर तुझी मागणी अशी: "आपा, धडाकखाँ मला जमतो, पण बुजऱ्या हाताला येत नाही. शेठ म्हणतात, लोक हसतात ते त्या बुटक्याला. दिवाळीपर्यंत बुजऱ्याची शे-दोनशे चित्रं काढून पाठव, नाहीतर हे काम हातचं जाईल." वा रे वा! घरची आठवण आली ती अशी.

ही जोडी कुठून आली ते शेठला सांगितलंस का? नसशीलच सांगितलं. आपल्या लवंगी फटाक्यांच्या पुड्यांची लेबलं बार्शीच्या छापखान्यातून यायची, आणि त्यातल्या बिघडलेल्या लेबलांच्या कोऱ्या पाठी आपल्याला मिळायच्या. तू कागदावर धडाकखाँ काढायचास. उंच, पिळदार मिशांचा, हातात पेटती काडी. तो कागद माझ्याकडं सरकवायचास आणि मी शेजारी बुजऱ्या काढायची. बुटका, गोल, कानात बोटं. मग पुढचा कागद. आधी तुझा हात, मग माझा. सगळा गठ्ठा खळीनं एका कडेला चिकटवला आणि अंगठ्यानं फर्रकन सोडला, की धडाकखाँ वात पेटवायचा आणि बुजऱ्या धूम ठोकायचा. ते बघायला पोरांची रांग लागायची. पुढं अब्बांनी हीच जोडी लेबलावर छापून घेतली, आणि लातूरच्या बाजारातही गिऱ्हाईक 'धडाकखाँचे फटाके' मागू लागलं. बुजऱ्याचे कुणी मागितले नाहीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

खरं बघ, तुझा धडाकखाँ दर वेळी तेच करायचा. छाती काढून उभा राहायचा आणि काडी लावायचा. जे काही घडायचं ते बुजऱ्याचं. तो कधी रांजणात शिरायचा, कधी धडाकखाँच्याच पायजम्यामागं लपायचा. तो एवढा भ्यायला म्हणून बघणाऱ्याला कळायचं की बार मोठा आहे. त्याच्याशिवाय तुझा धडाकखाँ म्हणजे काडी धरून उभा असलेला एक मिशीवाला. शेठला हे चित्र बघून कळलं. तुला काढून कळलं नव्हतं.

बुजऱ्या पाठवत नाही. का, ते तुला माहीत आहे. आपल्या कारखान्यात राबलेला बलभीम अजून फाट्यावर खडी फोडतोय.

आपा


तेरखेडा
८ नोव्हेंबर १९६०

वजीर,

तुझी मनीऑर्डर परत केली. अब्बांना कळू दिलं नाही. पोस्टमन माझ्याकडं बघत राहिला. फटाकेवाल्यांच्या घरात दिवाळी इतकी कोरडी गेली आणि ही बाई आलेले पैसे परत करते, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तू लिहितोस, "झाल्या गेल्या गोष्टी उकरू नकोस आपा, इथं माझी नोकरी पणाला लागलीय." तुझी नोकरी पणाला लागली ते तुला दिसतं. दुसऱ्याची कायमची गेली, ती कुणामुळं गेली? तू आता मुंबईकर झालास, म्हणून आपल्या धंद्याची रीत तुला नव्यानं सांगते.

खोपटात फटाक्यांची दारू मळायला एकटा माणूस कधी बसत नाही. एक मळणारा आणि एक भिणारा. रोजच्या सवयीनं मळणाऱ्याचा हात निर्धास्त होतो, म्हणून दारात दुसरा बसवायचा. त्याचं काम एकच, भिण्याचं. ऊन चढलं, वारा फिरला, भिंतीवरची ओली पोती सुकली, मळणाऱ्याचा हात भरभर चालायला लागला, की त्यानं ओरडायचं, "थांबा!" आणि मळणारा बाप असो की मालक, त्यानं मुकाट थांबायचं. खोपटात अनवाणी जायचं असतं, म्हणून भिणाऱ्यानं आपल्या चपला दारातल्या दगडावर ठेवायच्या. दगडावर चपला आहेत म्हणजे पाळी चालू आहे. उठायचं असेल तर आधी चपला उचलायच्या. दगड रिकामा दिसला की मळणारा हात आखडतो. अब्बा म्हणायचे, "भिणारा है तो कारखाना है." हे आपण दोघं अम्मीच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आलो.

गेल्या वर्षी चैत्रात येरमाळ्याच्या जत्रेची दारू मळायचं काम चाललं होतं. पाळी तुझी होती. बलभीम विहिरीवरून घागरी आणून पोती भिजवत होता. त्यानं दगडावर तुझ्या चपला बघितल्या, आणि वजीर आत आहे असं समजून पुन्हा विहिरीवर गेला. अब्बांनी एकदा मागं वळून बघितलं. त्यांनाही चपला दिसल्या. तेही निवांत झाले. आणि तू कुठं होतास? फाट्यावर, महालिंगप्पाच्या हॉटेलात, जाहिरातीची चित्रं करणाऱ्या मुंबईच्या त्या पाहुण्याला आपला चित्रांचा गठ्ठा दाखवत. अनवाणी! चपला घेऊन गेला असतास तर अब्बांनी काम थांबवलं असतं आणि तू कुठं चाललास ते विचारलं असतं. तेवढं विचारू नये म्हणून तू चपला ठेवून गेलास.

पोती सुकली. थांबा म्हणायला दारात कुणी नव्हतं. दारूनं पेट घेतला, आणि खोपटाबरोबर अब्बांची बोटंही गेली.

तू धावत आलास, छाती पिटून रडलास आणि म्हणालास, "मी पाळी बलभीमला दिली होती." किती सहज म्हणालास! मी तिथंच उभी होते. बलभीम अब्बांच्या खाटेशी येऊन म्हणाला, "मालक, दगडावर वजीरच्या चपला व्हत्या. माझ्या असत्या तर म्या उठलो नसतो, मेलो असतो तितंच." अब्बा भाजलेल्या अंगानं पडलेले, पण म्हणाले, "माझा पोरगा खोटं बोलायचा न्हाय. घाईत राहिल्या असतील चपला." मी महालिंगप्पाला घेऊन आले. तो बिचारा खरं तेच बोलला, "वजीर अनवाणी आल्ता. म्या इचारलं बी, पाय भाजंना व्हय रं?" तर अब्बा म्हणाले, "तुझ्या हाटेलात दिवसाला शंभर माणूस येतंय आप्पा, तुला काय याद राहणार." मला म्हणाले, "सगा भाई है तेरा." म्हणजे मी गप्प बसायचं. आठवडा गेला नाही तोच तू त्या पाहुण्याकडं निघून गेलास.

पाळी सोडणाऱ्याला या गावात कुणी दारूच्या कामावर ठेवत नाही. ठेवूही नये. बलभीमला कुणी ठेवलं नाही. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर ऐकवतात. तो मात्र आपल्या घरावरून जाताना अब्बांना रोज रामराम घालतो आणि अब्बा तोंड फिरवतात. तुझ्या एका वाक्यानं हे झालंय.

आता माझा सौदा ऐक. तू ये. अब्बांच्या समोर बस, बलभीमला शेजारी बसव, आणि त्या दिवशी चपला ठेवून कुठं गेला होतास ते बोल. एवढं कर आणि बुजऱ्या तुझा. हवा तेवढा काढून देते, बोटं दुखेपर्यंत. नाही केलंस तर एक रेघ मिळणार नाही.

आपा


तेरखेडा
२० जानेवारी १९६१

वजीर,

कार्ड मिळालं. "बुजऱ्या मला जमला. ऑफिसातले सगळे पोट धरून हसले. आता तुझी गरज नाही." मुबारक.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कागद आपला, खळ आपली, आणि तो बुटका माझा. पण वाईट वाटून झाल्यावर हसूही आलं, कारण तुला अजून माहीतच नाही की बुजऱ्या मी कुठून काढायची.

सगळे म्हणायचे, वजीर म्हणजे धडाकखाँ आणि रजिया म्हणजे बुजऱ्या. अम्मीसुद्धा म्हणायची. आणि दोघांपैकी अंधारात विहिरीवर कोण जायचं? विंचू कोण मारायचं? तू लहानपणापासून भित्रा. पावसात ढग गडगडला की माझ्या ओढणीत शिरायचास. म्हणून तुला छाती काढलेला माणूस काढायला आवडायचं, आणि मी तुझ्या तोंडाकडं बघून बुजऱ्या काढायची. तू धडाकखाँच्या मिशीला पीळ देत असायचास तेव्हा घराबाहेर एखादा सुतळी बॉम्ब वाजला की तुझे खांदे कानाला लागायचे. ते मी कागदावर उतरवायची. तू म्हणायचास, "आपा, काय मस्त घाबरलाय गं!"

तुला वाटेल मी टोमणे मारते. मारतेच आहे. पण भित्रेपणाबद्दल नाही. अब्बांनी तुला दारात बसवलं ते तू भित्रा म्हणूनच. या धंद्यात भित्र्या माणसाची किंमत धडाकखाँपेक्षा जास्त. तुझ्यात देवानं जे घातलं होतं ते नेमकं त्या दगडावर कामाला येणार होतं. तुला त्याची लाज वाटली आणि तू मिशीवाला व्हायला गेलास.

घरचं सांगते. खोपट नवं बांधलं, पण अब्बांना मळता येत नाही. धंदा नावापुरता उरलाय. फुलबाज्या करायला दोन बायका येतात, लेबलं मी चिकटवते. तुझ्या चपला अजून त्याच दगडावर आहेत. अब्बा कुणाला हलवू देत नाहीत. दर शुक्रवारी नमाजला निघण्याआधी डाव्या हातानं त्यांना एरंडेल चोळतात. म्हणतात, "लडका येईल तेव्हा चामडं कडक नको." मला ते बघवत नाही. मी तेव्हा आत जाते.

अजूनही सौदा मोडलेला नाही. ये.

आपा


तेरखेडा
४ एप्रिल १९६१

वजीर,

तुझं काम बघितलं.

येरमाळ्याच्या जत्रेत तंबू टॉकीज आलं होतं. भोंग्यावर ओरडणारा माणूस पिक्चरचं नाव घ्यायचा आणि पुढं म्हणायचा, "त्याच्या आधी बघा काडीपेटीवाला धडाकखाँ!" ही बातमी घरी आल्यापासून अब्बांनी डोकं खाल्लं. "चल बेटी, वजीरचं काम बघू." बैलगाडीनं गेलो. तंबूत शिरताना डोअरकीपरलाही सांगून झालं, "माझ्या पोरानं काढलंय." बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं, मागच्याला सांगितलं. नवा सदरा घातला होता आणि उजवा हात खिशात ठेवला होता. एवढे खूश मी त्यांना अम्मी असताना बघितले होते.

बलभीमही आला होता. पुढं जमिनीवर, पोरांच्या घोळक्यात बसला होता. कारखान्याचं चित्र आहे म्हणून आला असेल. काय शोधत होता, खुदा जाणे.

पडद्यावर आधी धडाकखाँ आला. हुबेहूब आपला, फक्त भिंतीएवढा. मग बुजऱ्या. मी मनात म्हटलं, जमला नाही. नुसता गोल आणि येडा. धडाकखाँ खोपटात बसून खलबत्त्यात दारू कुटत होता आणि बुजऱ्या दारात. मग बुजऱ्याला कंटाळा आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. आपल्या चपला काढल्या आणि दारातल्या दगडावर नीट ठेवल्या, टाचा दाराकडं. धडाकखाँनं मागं वळून चपलांकडं बघितलं, मान डोलावली, पुन्हा कुटायला लागला. आणि बुजऱ्या टाचा उचलून, अनवाणी, मागं बघत बघत निघून गेला. सगळा तंबू हसत होता. मग बार उडाला. धडाकखाँ काळा ठिक्कर, मिशा जळालेल्या, हातात एकच काडी शिल्लक, आणि ती पेटली. 'एक काडी, काम पक्कं.' लोकांनी शिट्ट्या मारल्या.

वजीर, तुला बुजऱ्या जमला नाही असं मी म्हणणार होते. ते मागं घेते. चपला ठेवून जातानाची ती चाल तुला जमली आहे. मान आखडलेली, खांदे कानाला लागलेले. ती चाल माझ्या हाताला कधी आली नसती, कारण मी तुला तसं जाताना बघितलं नव्हतं. तुला हे इतकं बारीक आठवतं. म्हणजे तू विसरलेला नव्हतास. दर रात्री तुला ते दिसत असेल असं मला मधून मधून वाटायचं, आणि तुझी दयाही यायची. तू त्याचा विनोद केलास! शेठला विकलास! गावोगावच्या तंबूंत हजारो माणसांना सांगितलंस, आणि एका माणसाला सांगायला तुला दोन वर्षांत तोंड सापडलं नाही.

अब्बा हसले नाहीत. अंधारात मला म्हणाले, "रजिया, वो चप्पल क्यों रखके गया?"

ते मी दोन वर्षांपूर्वी बोलले होते.

मुख्य पिक्चर सुरू झालं आणि अब्बा उठले. मागून लोक ओरडले, "खाली बसा की म्हातारबुवा!" ते वाकून, लोकांच्या अंगावरून पाय टाकत पुढं गेले, बलभीमच्या शेजारी, पोरांमध्ये. मीही मागोमाग गेले. मला वाटलं आता माफी मागतील, रडतील. काही नाही. नुसते उभे. बलभीमनं वर बघितलं, आपल्या खांद्यावरचं पोतं काढून जमिनीवर पसरलं आणि म्हणाला, "बसा मालक, खाली वल हाय." अब्बा बसले. खिशातला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. पिक्चर संपेपर्यंत दोघं तसेच बसून होते. काय बघितलं असेल कुणास ठाऊक.

परतताना गाडी बलभीमनं हाकली.

रजिया


तेरखेडा
१० एप्रिल १९६१

वजीर,

हे पत्र पार्सलाबरोबर आहे. सौदा मोडला. तू यायची आता गरज नाही, कारण सांगण्यासारखं तुझ्याकडं काही उरलं नाही.

जत्रेहून आल्यावर अब्बा दोन दिवस अंथरुणाला खिळून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मशिदीच्या ओट्यावर गावातले सगळे फटाकेवाले बसलेले असताना तिथं गेले आणि म्हणाले, "पाळी माझ्या पोरानं सोडली. बलभीमनं न्हाय. मी खोट्याची बाजू घेतली." ज्या बापानं तुझ्यासाठी आपल्या मुलीला खोटं पाडलं, त्याला म्हातारपणी ओट्यावर उभं राहून हे बोलावं लागलं. तुझ्या त्या विनोदाची ही किंमत. शेठला सांग, तोही हसेल.

खोपट परवा पुन्हा सुरू झालं. मळायला मी बसते. अब्बा आधी नको म्हणाले, मग म्हणाले, तुझा हात हलका आहे. दारात बलभीम असतो. पहिल्याच दिवशी तो तीनदा ओरडला, "थांबा आक्का!" आणि मी थांबले. त्याला भिताना बघून मला तुझी आठवण आली. वाईट वाटलं, हे कबूल करते.

दिवाळीच्या लेबलासाठी छापखान्याला नवं चित्र दिलंय. धडाकखाँ काढून टाकला. तो तू ठेव, तुझाच होता. बुजऱ्या एकटा दारात बसलाय, डोळे उघडे, कानातली बोटं काढलेली. छापखानावाला म्हणाला, "ह्यो तर काईच करंना." म्हटलं, असू द्या.

अब्बांना विचारलं, वजीरला काही लिहू का? त्यांनी दारातल्या दगडाकडं बघितलं. मग म्हणाले, "चपला पाठव."

पाठवते आहे. शुक्रवारचं तेल त्यांना अजून ओलं आहे. दगडावर आता बलभीमच्या असतात.

रजिया